बातमीचा फोटो, भिंतीवरचा फोटो: किती हात घालायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पत्रकारितेचे विद्यार्थी, तालुक्याचे वार्ताहर, पहिलं प्रदर्शन मांडणारे छायाचित्रकार आणि अधूनमधून चिडलेले वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वर्तमानपत्राच्या फोटो डेस्कवर बसणाऱ्या माणसाची आहेत, त्यामुळे ती बातमीच्या बाजूला झुकलेली असणार. कलावंतांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

बातमीच्या फोटोला फोटोशॉप लावणं मुळातच गैर आहे का?

नाही. कॅमेऱ्यातून आलेला फोटो बहुतेक वेळा थोडा उजळावा लागतो, तिरकं क्षितिज सरळ करावं लागतं, ट्यूबलाइटखाली हिरवट पडलेले चेहरे माणसात आणावे लागतात, सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका काढावा लागतो. डार्करूममध्येही हेच चालायचं. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, हाताची सावली धरून एखादा भाग उजळ ठेवायचा, दुसऱ्यावर जास्त वेळ प्रकाश पाडून तो गडद करायचा.

असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, या वृत्तसंस्थेच्या नियमांत क्रॉप (कडा कापणं), उजेड-अंधाराची माफक दुरुस्ती, कृष्णधवल करणं हे सगळं बसतं. फ्लॅशने लाल झालेले डोळे काळे करणं मात्र बसत नाही. ऐकून हसू येतं, पण डोळ्यांना सूट दिली की उद्या मुरुमांसाठी मागणी येते आणि परवा ढेरीसाठी. रॉयटर्स या दुसऱ्या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये फ्रीलान्स छायाचित्रकारांना कळवलं की रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या नोंदीवर, काम करून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्याने दिलेली मूळ जेपेगच द्या.

मग रेषा नेमकी कुठे आखायची?

नियमावल्या पुष्कळ आहेत. डेस्कवर रात्री साडेदहाला पान सोडायच्या घाईत त्या कुणी उघडत नाही. त्या वेळी उपयोगी पडणारी कसोटी एकच: केलेला बदल फोटोओळीत लिहून हा फोटो छापता येईल का? ‘फोटो थोडा उजळ केला आहे’ असं लिहिलं तर वाचकाला काहीच वाटणार नाही. ‘मंचावर डावीकडे बसलेले गृहस्थ काढून टाकले आहेत’ असं लिहिलं, तर तो फोटो छापायची हिंमत कुठलाच संपादक करणार नाही.

ही कसोटी बदलाचा आकार मोजत नाही. २०१० च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत युक्रेनचे स्तेपान रुदिक यांना कीव्हमधल्या रस्त्यावरच्या मारामाऱ्यांवरच्या मालिकेसाठी बक्षीस मिळालं आणि मग काढून घेतलं गेलं. त्यातला एक फोटो हाताला पट्टी बांधतानाचा. मूळ फ्रेम रंगीत आणि बरीच मोठी होती. त्यातून हाताभोवतीचा छोटा तुकडा कापून घेतला होता, तो कृष्णधवल केला होता, कडा काळ्या केल्या होत्या, वर रवाळ पोत चढवला होता. याला स्पर्धेची हरकत नव्हती. हरकत होती ती हातामागे दिसणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या तरी पावलाच्या इवल्याशा टोकाला, जे रुदिक यांनी पुसलं होतं. अनेकांना हा निकाल उफराटा वाटला, आणि मला त्यांचं म्हणणं कळतं. पण ‘बाकीचं कापून टाकलं’ हे वाचकाला सांगता येतं, प्रत्येक फोटो कापलेलाच असतो. ‘इथे एक पाय होता, तो मी मिटवला’ हे सांगता येत नाही.

कोपऱ्यातली नको ती वस्तू काढली, बातमीला धक्का लागला नाही. तरी शिक्षा का?

हा प्रश्न नार्सिसो कॉन्त्रेरास यांच्या नावाने विचारला जातो. सीरियाच्या युद्धातल्या फोटोंसाठी २०१३ चं पुलित्झर, म्हणजे अमेरिकेतलं पत्रकारितेचं मोठं पारितोषिक, मिळवणाऱ्या एपीच्या चमूत ते होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी आडोसा घेणाऱ्या एका बंडखोराचा फोटो काढला. खाली डाव्या कोपऱ्यात एका सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा जमिनीवर पडलेला दिसत होता. त्यांनी संगणकावर फोटोतली आजूबाजूची माती त्यावर पसरवली. जानेवारी २०१४ मध्ये ते उघड झालं, एपीने त्यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांचे सगळे फोटो आपल्या खुल्या संग्रहातून काढून घेतले. एपीने त्यांचे सुमारे पाचशे फोटो तपासले, दुसरा एकही बदललेला सापडला नाही.

जिवावर उदार होऊन काम करणाऱ्या माणसाचं एवढ्यावरून काम जावं हे कठोर आहे. तरी एपीचं बरोबर होतं असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण त्या कॅमेऱ्यातच आहे. तो फ्रेममध्ये असता तर वाचकाला कळलं असतं की या लढवय्याच्या शेजारी पत्रकार होते, एकाहून जास्त होते. युद्धाच्या फोटोत ही फालतू माहिती नव्हे.

दोन्ही फोटो खरे, जागा तीच, मिनिटाचा फरक. जोडले तर काय बिघडलं?

ब्रायन वॉल्स्की यांनी मार्च २००३ मध्ये इराकमध्ये बसऱ्याजवळ नेमकं हेच केलं. एका फ्रेममध्ये ब्रिटिश सैनिकाचा हात उठलेला होता, दुसरीत मुलाला कडेवर घेतलेला माणूस नीट दिसत होता. दोन्ही जोडून एक जबरदस्त फोटो झाला आणि ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या पहिल्या पानावर गेला. मागच्या गर्दीतले काही लोक त्यात दोनदा बसले होते. ते लक्षात आल्यावर वॉल्स्की यांची नोकरी गेली.

बिघडलं ते असं: सैनिकाचा तो हात आणि बापाची ती नजर एकत्र आली तो क्षण कधी घडलाच नव्हता. जोडलेल्या फोटोत सैनिक त्या माणसाला दटावतोय असं वाटतं. सुट्या फ्रेम बघितल्या तर तसं वाटत नाही.

रॉयटर्सचं २००६ चं बैरुत प्रकरण याहून ढोबळ आहे. अदनान हज यांनी बॉम्बहल्ल्यानंतरचा धूर क्लोन करून, म्हणजे फोटोतल्याच एका भागाची नक्कल दुसरीकडे चिकटवून, वाढवला, तोही इतका ओबडधोबड की एकसारखे लोट नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होते. रॉयटर्सने त्यांचे ९२० फोटो संग्रहातून काढले. धूर खराच होता, हल्लाही खरा होता. पण त्यानंतर कितीतरी दिवस चर्चा हल्ल्याची न होता फोटोशॉपची झाली, आणि ज्यांना हल्ला नाकारायचाच होता त्यांना आयतं कोलीत मिळालं.

रंग आणि गडदपणा किती वाढवावा?

इथे रेषा खरोखरच पुसट आहे. एक टोक म्हणजे ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाचं २७ जून १९९४ चं मुखपृष्ठ. खुनाचा आरोप झालेले फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचा पोलिसांनी काढलेला फोटो गडद करून छापला होता, त्यात त्यांची त्वचा जास्तच काळी दिसत होती. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो जसाच्या तसा छापल्यामुळे स्टॉलवर दोन्ही शेजारी शेजारी लागले आणि ‘टाइम’ची चोरी पकडली गेली. काळ्या आरोपीला आणखी काळं केलं की तो जास्त गुन्हेगार दिसतो, ही समजूत त्या छपाईत होती.

दुसरं टोक पॉल हॅन्सन यांचा गाझातल्या अंत्ययात्रेचा फोटो, २०१२ मधला. चिंचोळ्या गल्लीतून दोन लहान मुलांचे मृतदेह नेणारी माणसं, चेहऱ्यांवर जवळजवळ सिनेमासारखा उजेड. २०१३ मध्ये त्याला वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि तो बनावट असल्याचा आरोप झाला. तज्ज्ञांनी रॉ फाइल तपासली: काही जोडलेलं नाही, काही काढलेलं नाही, रंग आणि उजेड मात्र भरपूर हाताळलेला. पुरस्कार राहिला. माझ्या मते तो फोटो खरा आहे आणि तरीही त्याच्यावर एवढं काम करायला नको होतं.

आपल्याकडे हा आजार आषाढात बघावा. वारीतलं रिंगण, भंडाऱ्याचा पिवळा, पताकांचा भगवा इतका फुगवलेला असतो की वारकऱ्याचं पांढरं धोतर निळसर चमकायला लागतं. ढगांचं तर विचारूच नका. कुणाची फसवणूक होत नाही असं म्हणतात. पण पावसाने ओढ दिलेल्या वर्षी दिवे घाटावर काळे ढग दाटले असतील, तर तो फोटो हवामानाबद्दल खोटं बोलतो.

नुसतं क्रॉप केलं तर?

चालतं. आणि सगळ्यात जास्त खोटंही क्रॉपमधूनच बोललं जातं. सभेचं मैदान अर्धं रिकामं असतं, मंचासमोरच्या दहा रांगा भरलेल्या असतात. लांब पल्ल्याच्या लेन्सने डोकी एकमेकांवर चढवली, वरची रिकामी पट्टी कापली, की जनसागर तयार. एकाही पिक्सेलला हात लागलेला नाही. फोटोओळीत लिहून बघा: ‘याच्यामागच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.’ लिहायला जड जात असेल तर क्रॉप सैल करा.

समोर उभं करून काढलेला फोटो बातमीचा मानायचा का?

व्यक्तिचित्र असेल तर खुशाल. अडचण येते ती पोज देऊन घेतलेला क्षण आपोआप घडल्यासारखा छापला की. हा वाद फोटोग्राफीइतकाच जुना आहे. रॉजर फेन्टन यांनी १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात एकाच दरीचे दोन फोटो काढले. एकात तोफगोळे रस्त्याच्या कडेला आहेत, दुसऱ्यात रस्त्यावर पसरलेले. गोळे मुद्दाम पसरले का, यावर अजून लिहिलं जातं.

आपल्याकडे फेन्टनपर्यंत जायची गरज नाही. स्वच्छता अभियानात आधी झाडून काढलेल्या रस्त्यावर पाला टाकला जातो, मान्यवर नवा कोरा झाडू हातात घेतात, चौघे छायाचित्रकार ‘साहेब, इकडे’ म्हणतात. वृक्षारोपणाचंही तेच: रोप एक, त्याला धरलेले हात चौदा. अशा फोटोला ‘साफसफाई करताना’ अशी ओळ देणं हीच फेरफार. ‘अभियानाच्या उद्घाटनप्रसंगी’ लिहा, भागतं.

पक्षाकडून, सरकारी खात्याकडून किंवा कंपनीकडून आलेला फोटो वापरावा का?

वापरावाच लागतो, सगळीकडे आपला माणूस पोचत नाही. पण ‘सौजन्य’ लिहिल्याशिवाय नाही आणि मोठा करून बघितल्याशिवाय तर नाहीच. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराची हवाई पाहणी करणाऱ्या पंतप्रधान मोदींचा फोटो पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, ट्विट केला. विमानाच्या खिडकीत पुरात बुडालेली वस्ती अशक्य वाटावी इतकी स्पष्ट दिसत होती, कारण ती वेगळ्या फोटोतून आणून बसवलेली होती. टीका झाली आणि फोटो काढून टाकावा लागला. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने प्रिन्सेस केट आणि मुलांचा फोटो दिला, तेव्हा केट यांची मुलगी शार्लट हिच्या बाहीजवळ गडबड दिसल्यावर एपी, रॉयटर्स, एएफपी, गेटी या संस्थांनी तो मागे घेण्याच्या सूचना पाठवल्या. आधी घेतला आणि मग मागे घेतला, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

बलात्कारपीडितेचा किंवा लहान मुलाचा चेहरा धूसर करणं हीसुद्धा फेरफारच नाही का?

आहे, आणि ती कायद्याने करावीच लागते. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, पोक्सोचं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं) कलम २३, बाल न्याय कायद्याचं कलम ७४ यांनुसार ओळख उघड करता येत नाही. आमच्या कसोटीवरही ती उतरते, कारण धूसर पट्टा वाचकाला दिसतो, इथे काहीतरी झाकलंय हे फोटो स्वतःच सांगतो. हल्ली कुणी कुणी तिथे एआयने दुसराच चेहरा बसवतात. ते करू नये. नसलेल्या माणसाचा चेहरा खऱ्या घटनेत घुसतो, आणि तो चेहरा भलत्याच कुणाशी जुळला तर आणखी भानगड.

आणि नुसता चेहरा झाकून भागत नाही. शाळेचा गणवेश, दारावरची पाटी, गावाची कमान, शेजारी बसलेली आई, यांवरून गावात कुणालाही ओळख पटते.

जुना फोटो नव्या बातमीला लावला तर?

२०१९ च्या महापुरातला शिरोळचा फोटो २०२१ च्या पुराच्या बातमीला लावला आणि ओळ दिली नाही, तर ते क्लोन केलेल्या धुराएवढंच वाईट. ‘संग्रहित छायाचित्र’ हे दोन शब्द त्यासाठीच आहेत. ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ या लेबलाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आत्महत्येची बातमी, फोटो दोराचा. चोरीची बातमी, फोटो बेड्यांचा. बातमीत भर काही पडत नाही, पानातलं भोक बुजतं. आता त्या भोकात एआयने बनवलेली चित्रं येऊ लागली आहेत. ती वापरायचीच असतील तर रेखाचित्रासारखी दिसू द्यावीत. फोटोसारखी दिसणारी नकोत, मग खाली बारीक टाइपात काहीही लिहिलेलं असो.

कलेत तरी सगळं चालतं ना?

जवळजवळ सगळं. आणि हे डिजिटल काळाने दिलेलं स्वातंत्र्य नाही. ऑस्कर रेलँडर यांनी १८५७ मध्ये तीसेक निगेटिव्ह जोडून एक भलामोठा नैतिक देखावा उभा केला होता. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सन यांनी पाच निगेटिव्हमधून क्षयाने मरणाऱ्या मुलीचं चित्र केलं. लोक चिडले, आणि गंमत म्हणजे चिडले ते विषय फार करुण आहे म्हणून.

आपल्या देशात तर फोटो आणि रंग यांच्यात भिंत कधी नव्हतीच. राजस्थानातल्या नाथद्वाराच्या मनोरथ चित्रांत श्रीनाथजी रंगवलेले असतात आणि समोर हात जोडलेल्या भक्तांचे चेहरे फोटोतून कापून चिकटवलेले. देवाच्या दारी आपण उभे होतो हे सांगणारं ते चित्र. ते खोटं आहे असं म्हणायला कुणी धजेल का?

चित्रकार विवान सुंदरम यांनी आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरातले फोटो घेऊन २००१-०२ च्या सुमारास ‘री-टेक ऑफ अमृता’ ही मालिका केली. वेगवेगळ्या काळातली अमृता, म्हणजे उमरावसिंग यांची चित्रकार मुलगी, एकाच खोलीत येते, बाप आणि मुलगी अशा जवळिकीत दिसतात की बघणारा अस्वस्थ होतो. ते प्रसंग घडले नव्हते, आणि शीर्षकच ते सांगतं. कॅनडाचे जेफ वॉल यांनी जपानी चित्रकार होकुसाईच्या छापील चित्रावरून वाऱ्याची झुळूक उभी केली, तीही शंभराहून जास्त फोटो जोडून. जर्मनीचे आंद्रेयास गुर्स्की यांनी ऱ्हाईन नदीच्या फोटोतून काठावरची इमारत आणि माणसं काढली. २०११ मध्ये त्याची प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरना गेली. ते चित्र नदीच्या पर्यावरणावरच्या लेखाबरोबर छापायला मागितलं, तर मी नको म्हणेन.

मग छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांच्यावर एवढा गदारोळ का झाला?

कारण त्यांनी बातमीच्या आणि कलेच्या, दोन्ही दुकानांत एकच माल ठेवला होता. १९८४ मध्ये काढलेल्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीमुळे ते जगभर माहीत झाले, आणि भारत तर त्यांचा आवडता मुलूख. २०१६ मध्ये इटलीतल्या एका प्रदर्शनात क्यूबाच्या रस्त्यावरच्या त्यांच्या फोटोत क्लोनिंगची ढोबळ चूक कुणाला तरी दिसली. मग लोकांनी जुने-नवे फोटो शेजारी ठेवून बघायला सुरुवात केली. पावसात फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या एका फोटोतून एक पोरगा गायब होता. मॅककरी यांनी आधी सहायकाकडे बोट दाखवलं आणि नंतर सांगितलं, आपण आता छायाचित्र-पत्रकार नाही, दृश्यांतून गोष्ट सांगणारे आहोत.

म्हणता येईल, पण ही पाटी आधी लावायला हवी होती. राजस्थानातल्या बाईचा फोटो लोक ‘राजस्थान असं आहे’ म्हणून बघत होते, विकत घेत होते, पाठ्यपुस्तकासारखा वापरत होते. आणि या बदलांचा कल बघा: जे काढलं ते बहुधा गर्दी, पसारा, तारा, खांब. आपल्या रस्त्यावर जे खरोखर असतं तेच. पुसून जो भारत उरला तो जुनाट, रंगीत आणि रिकामा होता.

स्पर्धेला फोटो पाठवताना काय सांभाळायचं?

नियम वाचा, रॉ फाइल जपून ठेवा. २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटोमध्ये अंतिम फेरीच्या आधीच्या टप्प्यातले सुमारे २० टक्के फोटो मूळ फाइलशी ताडून बाद केले गेले. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन यांनी एआयने बनवलेलं चित्र सोनीच्या स्पर्धेत जिंकून बक्षीस नाकारलं. पुढच्या वर्षी उलटं झालं: माइल्स अॅस्ट्रे यांनी डोकं न दिसणाऱ्या फ्लेमिंगोचा अस्सल फोटो दुसऱ्या एका स्पर्धेत एआयच्या गटात पाठवला, बक्षीस मिळवलं आणि बाद झाले. बिचारा पक्षी पोट खाजवत होता.

फोनच आपणहून फोटो बदलतो, त्याचं काय करायचं?

फोन अनेक फ्रेम एकत्र करून एक फोटो देतो, त्वचा गुळगुळीत करतो. गूगलच्या २०२३ च्या पिक्सेल ८ या फोनमध्ये तर ‘बेस्ट टेक’ नावाची सोय आली, जी एकाच गटाच्या वेगवेगळ्या फोटोंतले चेहरे अदलाबदल करते. घरच्या वाढदिवसाला झकास. वार्ताहरांनी मात्र ब्यूटी मोड आणि असल्या सोयी बंद ठेवाव्यात, आणि फोटो व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ फाइल येते. कॅमेऱ्यातच फोटोवर डिजिटल सही करण्याची सोयही सुरू झाली आहे, २०२३ च्या लायका एम११-पी पासून. पण तो कॅमेरा कुठल्या तालुका प्रतिनिधीकडे दिसेल असं वाटत नाही.

वारलेल्या आजोबांना आजीशेजारी बसवून घेणं हे खोटेपणाचं आहे का?

मुळीच नाही. स्टुडिओवाले हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. आजोबांचा मतदार ओळखपत्रावरचा फोटो असतो, त्यांना आयुष्यात कधी न घातलेला कोट चढवला जातो, आजीच्या लुगड्याचा काठ नव्याने रंगवला जातो, मागे निळा पडदा येतो. घरात सगळ्यांना माहीत असतं. हाच फोटो जमिनीच्या वादात पुरावा म्हणून कोर्टात ठेवला तर गोष्ट वेगळी.

दुसऱ्याचा फोटो घेऊन मी त्यातून कलाकृती केली तर?

आधी परवानगी. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता. हक्क विकल्यानंतरही कलम ५७ खाली नावाचा आग्रह धरण्याचा आणि आपली प्रतिष्ठा दुखावेल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. फोटोतल्या माणसाला काय वाटतं हा प्रश्न कायद्यात कमी आणि तुमच्या माझ्यात जास्त सोडवावा लागतो.

बदललेला फोटो छापून आलेला दिसला. तक्रार कुठे करू?

आधी संपादकांना लेखी कळवा. तारीख, आवृत्ती आणि पान क्रमांक द्या, कारण पुण्याच्या आवृत्तीतला फोटो नागपूरच्या आवृत्तीत असेलच असं नाही. उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर छापील वृत्तपत्रासाठी प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाता येतं. कौन्सिल ताकीद देऊ शकतं, निषेध नोंदवू शकतं, दंड करू शकत नाही. बातम्यांच्या वेबसाइटसाठी २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्रत्येक प्रकाशकाकडे तक्रार निवारण अधिकारी असायला हवा, आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. वेबवरचा फोटो गुपचूप बदलला जातो, म्हणून पत्र लिहिण्याआधी पत्ता आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा.